मार्कशीटवरचं विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली, तेव्हा त्याच्याकडे स्वतःची इमारत नव्हती. वर्ग नव्हते, फळा नव्हता, पगारावर नेमलेला एकही प्राध्यापक नव्हता. कारभार चालायचा टाउन हॉलमधून. आज आपण ज्याला मुंबई विद्यापीठ म्हणून ओळखतो तो राजाबाई टॉवर उभा राहायला १८७८ साल उजाडलं. तोही प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने.

मग विद्यापीठ होतं म्हणजे काय होतं? एक कायदा, एक सेनेट, एक अभ्यासक्रम आणि परीक्षा. १८५४ च्या वुडच्या खलित्यात हिंदुस्थानातल्या विद्यापीठांसाठी लंडन विद्यापीठाचा नमुना सुचवला होता. त्या काळचं लंडन विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. कॉलेजांनी शिकवायचं आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची, अशी ती वाटणी होती. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं याच नमुन्यावर निघाली.

मी जिल्ह्याच्या गावातल्या एका संलग्न कॉलेजातून इंजिनिअर झालो. चार वर्षांत माझ्या विद्यापीठाचं आवार मी दोनदा पाहिलं. एकदा उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागायला गेलो होतो आणि एकदा ट्रान्सक्रिप्ट काढायला. बाकी आठही सेमिस्टर विद्यापीठ म्हणजे हॉल तिकीट, मार्कशीट आणि कायम 'सर्व्हर बिझी' दाखवणारी वेबसाइट. ही आमच्या पिढीची रड आहे असं मला वाटायचं. पुढे इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की आम्ही ज्याला बिघाड म्हणत होतो, ती मूळची रचनाच होती. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर तो बग नव्हता, तसं स्पेसिफिकेशनच होतं.

आणि त्याबद्दल विद्यार्थी कुरकुर करत आलेत, तेही अगदी पहिल्या बॅचपासून.

पहिली बॅच

१८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले. चौघंच होते: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

रानड्यांच्या चरित्रांत त्यांच्या विद्यार्थिदशेतला एक प्रसंग हमखास येतो. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी अंमलाशी तुलना केली आणि इंग्रजी अंमलाला कमी गुण दिले. प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट. रानडे त्यांचे आवडते विद्यार्थी. ग्रँटनी त्यांना बोलावून समज दिली. तिचा मतितार्थ असा, की जे सरकार तुला शिकवतंय त्यालाच नावं ठेवू नकोस. शिवाय त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली.

हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? 'आमच्या टॅक्सच्या पैशांवर शिकता आणि वर आंदोलनं करता' हे त्याचंच आजचं रूप. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कुठल्याही विद्यापीठात विद्यार्थ्यांनी तोंड उघडलं की कुणीतरी हे सुनावतंच. तेव्हा सरकार परकं होतं, आज आपलं आहे. वाक्य मात्र तेच राहिलंय.

या वाक्यात एक गोष्ट झाकली जाते: सरकार शिकवतं, पण पैसा कुणाचा? हा प्रश्न सगळ्यात स्पष्टपणे विचारला तो कधीही विद्यापीठात न गेलेल्या माणसाने. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचं बरंचसं उत्पन्न रयतेच्या घामातून येतं आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप होता. आधी खेड्यातल्या पोरांना प्राथमिक शिक्षण द्या, ही त्यांची मुख्य मागणी.

तरीही विद्यापीठाकडे त्यांनी पाठ फिरवलेली नव्हती. घरी अभ्यास करून प्रवेश परीक्षेला बसायची मुभा मुंबई विद्यापीठाने दिली होती, तिचं त्यांनी याच निवेदनात स्वागत केलं आणि वरच्या परीक्षांनाही ती मिळावी असं सुचवलं. म्हणजे आपण नंतर ज्याला 'बहिःस्थ विद्यार्थी' म्हणू लागलो, त्याची वकिली फुले १८८२ मध्ये करत होते. वर्ग नसलेलं, फक्त परीक्षा घेणारं विद्यापीठ ही रचनेची उणीव होती हे खरं. पण ज्याला कॉलेजात पाऊल ठेवणंच परवडत नव्हतं, त्याच्यासाठी तीच उणीव दरवाजा ठरू शकत होती.

रानडे पुढे न्यायमूर्ती झाले, पण विद्यापीठाशी त्यांचा वाद संपला नाही. १८६५ मध्ये ते विद्यापीठाचे फेलो झाले, म्हणजे कारभारात त्यांना आवाज मिळाला. विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी बाहेर पडली होती. तिला परत आणण्यासाठी ते अखेरपर्यंत झटले.

त्यांची दुसरी तक्रार जास्त अस्वस्थ करणारी होती. पदवीधर तरुण फार लवकर मरतात, हे त्या पिढीच्या लक्षात आलं होतं. विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले ते जेमतेम बत्तिशीत. मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये ४३ व्या वर्षी गेले. आगरकर १८९५ मध्ये, वयाची चाळिशीही न गाठता. रानड्यांनी हिंदू पदवीधरांच्या अकाली मृत्यूंच्या कारणांवर लेख लिहिला. परीक्षांचं ओझं, घोकंपट्टी, हयगय झालेलं शरीर यांवर तेव्हा भरपूर चर्चा झाली. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये रात्ररात्र जागलेल्या कुणालाही ही चर्चा जुनी वाटणार नाही.

लांब झालेले

दुसरी परंपरा आहे ती 'नको तुमचं विद्यापीठ' म्हणणाऱ्यांची.

आगरकर आणि टिळक डेक्कन कॉलेजात शिकले. ते सरकारी कॉलेज होतं आणि तिथून निघालेल्या हुशार मुलाची वाट ठरलेली होती: मामलेदारी, मुन्सफी, मान आणि पगार. आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामाला देणार, असा त्याचा आशय. १८८० मध्ये चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आगरकर त्यांना येऊन मिळाले आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं.

इथला एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. या मंडळींनी सरकारी नोकरी नाकारली, सरकारी कॉलेजची मक्तेदारी मोडली, पण परीक्षा नाकारली नाही. न्यू इंग्लिश स्कूलची मुलं मॅट्रिकला बसली ती मुंबई विद्यापीठाच्याच. फर्ग्युसन संलग्न झालं तेही मुंबई विद्यापीठालाच. खाजगी संस्था आणि सार्वजनिक परीक्षा हा सांधा महाराष्ट्रात तेव्हापासून आहे.

परीक्षाही नाकारली ती विनोबांनी. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेले विनायक नरहर भावे वाटेत सुरतला उतरले आणि काशीला गेले. प्रमाणपत्रं त्यांनी घरातल्या चुलीत घातली. पुढे असहकाराच्या लाटेत अनेक विद्यार्थ्यांनी सरकारी कॉलेजं सोडली आणि १९२१ मध्ये पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. राष्ट्रीय शिक्षणाची कल्पना मोठी होती, पण तिथल्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती. ज्याच्या घरी दोन वेळची सोय होती त्याला हा त्याग जमत होता. ज्याच्यासाठी ती पदवी हीच घरातली पहिली कमाई असणार होती, त्याने काय करायचं?

निजामाच्या राज्यात, म्हणजे तेव्हाच्या मराठवाड्यात, गोष्ट आणखी वेगळी होती. तिथल्या मुलांसाठी विद्यापीठ म्हणजे १९१८ मध्ये हैदराबादेत निघालेलं उस्मानिया. माध्यम उर्दू. १९३८ मध्ये विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातली मुलंही त्यात पुढे होती. बंदी आली, संप झाला आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने दारं उघडली.

एका सरकारी विद्यापीठाने हाकललं आणि दुसऱ्याने घेतलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या मुलांना शिक्षण सोडायचं नव्हतंच. आपण जिथे शिकतो तिथे आपला आवाजही चालला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दाराशी उभे असलेले

तिसरे विद्यार्थी असे, ज्यांना विद्यापीठाबद्दल मत बनवण्याआधी आत शिरण्यासाठीच झगडावं लागलं.

मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा स्त्रियांना खुल्या झाल्या १८८३ मध्ये. काही वर्षांतच डेक्कन कॉलेजच्या कॉर्नेलिया सोराबजी विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या, तेही वरच्या श्रेणीत. त्या निकालावर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती नाकारली गेली, कारण उमेदवार बाई होती. हितचिंतकांनी पैसे उभे केले, त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली. नियमांनी दार उघडलं तरी पैशाची तिजोरी वेगळ्या कुलपात असते, हा धडा तेव्हाचा.

भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. पुढचं शिक्षण चालू राहिलं ते सयाजीराव गायकवाडांनी मंजूर केलेल्या महिना २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. धनंजय कीर यांच्या चरित्रात कॉलेजातले दोन तपशील शेजारीशेजारी वाचायला मिळतात. एक प्राध्यापक, म्युलर, त्यांना पुस्तकं आणि कपडे देत. आणि कॉलेजच्या उपाहारगृहाचा मालक त्यांना चहा-पाणीही देत नसे. एकाच सरकारी इमारतीत हे दोन्ही घडत होतं. १९१८ मध्ये ते सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्राध्यापक म्हणून परतले, तेव्हाही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून कुरबुर झालीच.

असा अनुभव घेतलेल्या माणसाने सार्वजनिक शिक्षणाबद्दल काय मत बनवावं? आंबेडकरांनी १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीला लेखी उत्तरं दिली. नुसत्या परीक्षा घेणारं विद्यापीठ पुरेसं नाही, शिकवणं आणि संशोधन हे विद्यापीठाचंच काम आहे, ही त्यांची भूमिका. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी देवाणघेवाणीचा हिशेब शिक्षण खात्याला लावू नका, असं बजावलं. जे वर्ग आता कुठे वर येताहेत त्यांच्यासाठी उच्च शिक्षण शक्य तितकं स्वस्त करा, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना मागासवर्गीयांना सेनेटमध्ये जागा मागितली.

या तीन मागण्या एकत्र पाहिल्या की चित्र स्पष्ट होतं. चांगलं शिकवा, स्वस्तात शिकवा आणि कारभारात आम्हाला बसवा. विद्यापीठाने अपमान केला म्हणून त्यांनी ते टाकलं नाही. ते आपलं आहे असं धरून त्याच्याकडे हिशेब मागितला.

पुढे १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढलं. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या खेड्यांतून घरात पहिल्यांदाच शिकणारी मुलं तिथे आली. इकडे राज्यात यशवंतराव चव्हाणांच्या काळात पालकांचं वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असेल तर फी माफ झाली. 'ईबीसी' हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी आहे तो तेव्हापासून. १९४९ मध्ये पुणे, १९५८ मध्ये मराठवाडा, १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघालं होतं, म्हणजे विद्यापीठ जवळ आलं होतं. फी माफ झाल्यावर ते परवडण्याजोगंही झालं.

मग मुद्दा आला नावाचा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले त्यांत माणसं मेली, घरं जळाली. विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते, हे मान्य करायला हवं. ठरावाची अंमलबजावणी झाली १४ जानेवारी १९९४ रोजी, साडेपंधरा वर्षांनी, तीही नामविस्ताराच्या रूपात.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की नावात काय आहे. पण ज्या विद्यापीठाची भेट बहुतेक मुलांना मार्कशीटवरच होते, तिथे सगळं काही नावातच असतं. हे विद्यापीठ कुणाचं आहे, हा तो प्रश्न होता. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. १८८२ चं ते निवेदन लिहिणाऱ्याच्या बायकोचं नाव आज लाखो मार्कशीटांवर छापलं जातं.

निकाल कधी लागणार?

२०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना चुकीची नव्हती. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, बारकोडने ओळख लपवायची, शिक्षकाने लॉगिन करून गुण द्यायचे आणि बेरीज यंत्राने करायची. पण सातशेहून अधिक कॉलेजांचं, लाखो उत्तरपत्रिकांचं ओझं एकाच हंगामात नव्या यंत्रणेवर टाकलं गेलं. माझ्या धंद्यात असं काम आधी एका छोट्या तुकड्यावर चालवून पाहतात. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, पुढच्या प्रवेशांची, काहींच्या परदेशी जागांची वाट लागली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आलं.

त्या महिन्यांत विद्यार्थी रस्त्यावर आले, कोर्टात गेले, विद्यापीठाच्या दारात बसले. १८५७ च्या विद्यापीठाकडे परीक्षा एवढंच एक काम होतं. १६० वर्षांनी तेच कोलमडलं तेव्हा मुलं गप्प बसली नाहीत, आणि कुलगुरूंना उत्तर द्यावं लागलं. ही दुसरी बातमी पहिलीइतकीच मोठी होती, पण ती फारशी कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी १ मार्चपासून 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६' लागू झाला होता. कायद्याच्या नावातच आता 'सार्वजनिक' आहे. हा शब्द घालायची गरज पडली, कारण तोवर शेजारी दुसरी जात उभी राहिली होती: अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांची लाट आली. माझं कॉलेज त्याच लाटेतलं. पण फी कॉलेजची आणि परीक्षा सार्वजनिक, हा फर्ग्युसनच्या काळचा सांधा तिथे टिकून होता. नव्या खाजगी विद्यापीठांत तोही राहिला नाही. शिकवणारे, पेपर काढणारे, निकाल लावणारे आणि फी घेणारे एकच.

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या प्रवेशावरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर खल चालला. एका बाजूला सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारतींचं खाजगी विद्यापीठ. काका म्हणाले, रिव्ह्यू वाच. तिने वाचले. खाजगीला साडेचार तारे, सरकारीला तीन. सरकारीखाली शेकडो तक्रारी होत्या: निकाल उशिरा, हॉस्टेल जुनं, ऑफिसातला माणूस जागेवर नसतो. मी तिला एवढंच म्हणालो, ''पैसे भरलेला माणूस तारे देतो आणि गप्प बसतो, कारण कमी तारे दिले तर आपल्याच डिग्रीची किंमत उतरते. तक्रार कुठे जास्त दिसते, यावरून जागा वाईट आहे एवढंच कळत नाही, तिथे तक्रार करता येते हेही कळतं.''

तिने एक गोष्ट स्वतः शोधून काढली होती. २०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली आहे. ही सवलत खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाही. मावशीचं घर त्या मर्यादेत बसतं. तो जीआर तिने ग्रुपवर टाकला आणि चर्चा तिथेच थांबली.

आता ती पहिल्या वर्षाला आहे. परवा तिने मला एक अर्ज वाचायला पाठवला. परीक्षेच्या काळात लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी ठेवावी, यासाठी. खाली बेचाळीस सह्या. हॉस्टेलमधल्या कुणीतरी तिला म्हणालं होतं, फुकट शिकतेस आणि वर मागण्या करतेस? तिने मला विचारलं, ''दादा, 'विनंती' लिहू की 'मागणी'?''

मी तिला रानडे आणि ग्रँटची गोष्ट पाठवली. अर्ज 'मागणी' म्हणूनच गेला.